न फुगलेली किडनी

सर्जनचा फोन आला. काकांचं मूत्राशय काढून नववा दिवस. लहान आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर लघवीची नवी वाट केलेली. त्या वाटेवरच्या पिशवीत लघवी कमी होत चाललेली, तर ड्रेनची, म्हणजे पोटात साठलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची पिशवी तीन तासांत भरत होती. ड्रेनच्या पाण्याचं क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १८, रक्तातलं २.१. पोटातलं साधं पाणी असतं तर हा आकडा रक्ताच्या आसपास असता. ही लघवीच होती.

"पुन्हा पोट उघडायची हिंमत नाही," सर्जन म्हणाले. खरं होतं. या दिवसांत आतडी चिकटलेली असतात आणि हात लावला तरी फाटतात.

सीटीत डावा सांधा, म्हणजे डावी मूत्रवाहिनी आतड्याच्या तुकड्याला शिवलेली जागा, गळताना दिसला. डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्याच्या मागून उजवीकडे ओढून आणावी लागते, ताण तिलाच जास्त.

पाठीतून किडनीत नळी घालायची, लघवी वरच्या वर काढून घ्यायची, मग कोरडा राहिलेला सांधा आपला आपण भरतो. पण अडलेली किडनी फुगते, गळणारी फुगत नाही. सोनोग्राफीत मला शिरायला जागा म्हणून फक्त एक काळी रेघ दिसत होती.

पोटावर ताजे टाके, त्यामुळे काकांना पूर्ण पालथं करता येईना. अर्धवट कुशीवर घेतलं. २१ गेजची बारीक सुई दोनदा हुकली. तिसऱ्यांदा आतली तार काढली आणि सुईच्या तोंडाशी एक थेंब येऊन थांबला. तो पिवळा होता. रक्त नाही, हे पाहून मी श्वास सोडला.

पुढे सुईतून सरकवलेली वायर सांध्याशी जाऊन बाहेर पोकळीत वेटोळी घालू लागली. वीस मिनिटं तेच. वाकड्या टोकाचा कॅथेटर जरासा फिरवला आणि वायर सुळकन आतड्यात उतरली. सिस्टरने तिचं टोक स्टोमातून, म्हणजे पोटावरच्या नव्या वाटेच्या तोंडातून, बाहेर आलेलं दाखवलं. तिच्यावरून किडनीपासून आतड्यापर्यंत छिद्रांची नळी सरकवली.

"डॉक्टर, आता तिसरी पिशवी?" काका वैतागले होते. त्यांचं काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये जेमतेम ४० मिली आलं. तीन आठवड्यांनी पाठीच्या नळीतून कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उठून दिसणारा द्रव) सोडला, तो सांध्यातून सरळ आतड्यात गेला, बाजूला ठिपकाही नाही. ड्रेन आधीच निघाला होता. त्या दिवशी पाठीची नळीही काढली. काकांनी पोटावरची पिशवी चाचपली.

"दोन गेल्या," ते म्हणाले, "ही मात्र माझीच."