घटका भरली की…

‘घटकाभर बसा हो’ असा आग्रह होतो तेव्हा ती घटका नेमकी 24 मिनिटांची असते, हे आग्रह करणाऱ्याच्याही ध्यानात नसतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी चढत जातं आणि 24 मिनिटांनी वाटी बुडते. अशा 60 घटका म्हणजे एक अहोरात्र. लग्नाचे मुहूर्त या वाटीवर साधायचे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचारही तिथलाच; पुढे तो उगाच यमदूतांच्या हाती लागला.

1980च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने अभ्यासाला बसताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर जवळ घेतलं. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीलाही तेच नाव पडलं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. असे चार फेरे झाले की 15 ते 30 मिनिटांची मोठी सुट्टी. आपल्या घटकेहून मिनिटभरच जास्त. (योगायोग आहे, छाती फुगवायचं कारण नाही.)

बुडालेली वाटी आपणहून वर येत नाही. हात घालून काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. चावीचं टायमर पिळतानाही तसंच: कामाला हाताने सुरुवात होते. मोबाइलवर वेळ लावायला जावं तर व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आधी दिसतात आणि पहिली घटका तिथेच बुडते. फोनच वापरायचा असेल तर विमान मोडवर टाकून पालथा ठेवावा.

बसण्याआधी काम कागदावर लिहावं. ‘अहवाल’ एवढं लिहून भागत नाही, ‘अहवालाचं पहिलं पान’ असं लिहावं आणि पुढे फेऱ्यांचा अंदाज मांडावा. सातहून जास्त वाटले तर कामाचे तुकडे करावेत. वीजबिल, दोन ओळींचं पत्र असली किरकोळ कामं एकाच फेऱ्यात कोंबावीत. मध्येच ‘गॅस बुक करायचा राहिला’ असं आठवलं तर कडेला दोन शब्द टिपून तसंच पुढे जावं. उठलात तर तो फेरा बाद. वीस मिनिटं झाली होती म्हणून अर्धा धरायचा नाही. बहुतेकांची पद्धत ढिली पडते ती याच अर्ध्यापायी.

पण गोव्यात सकाळी सायकलवरून पों-पों करत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याला काय सांगणार? ‘पाच मिनिटांनी ये’ म्हटलं तर तोवर उंडे (गोल पाव) पुढच्या वाड्यावर पोचतात. त्याची वेळ साधारण ठरलेली असते. म्हणून त्याच्या भोंग्यावर फेरा संपेल असं मागून मोजत यावं. मासळीवालीचं तसं नाही. तिची वेळ बांगड्यांच्या मर्जीवर, तेव्हा त्या फेऱ्यावर पाणी सोडलेलं बरं.

विश्रांती म्हणजे खुर्चीतून उठणं. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, जाऊन पाणी प्यावं, माडांच्या शेंड्यांकडे बघावं; जवळच्या पडद्याला खिळलेल्या डोळ्यांना लांबचं काहीतरी हवं असतं. रील बघायला घेतलं की पाचाची पंधरा मिनिटं झालीच म्हणून समजा. लिहिण्याचा किंवा हिशेबाचा सूर लागायलाच ज्यांना वीस मिनिटं लागतात त्यांनी 50 आणि 10 धरावेत. पंचविसाला सोवळं नाही.

सकाळी 9 ला बसलं तर चार फेरे आणि मधल्या तीन विश्रांती मिळून 115 मिनिटं, म्हणजे 10.55. वीस मिनिटांची सुट्टी, 11.15 ला दुसरी पाळी, ती 1.10 ला संपते. आठ फेरे, निव्वळ काम 200 मिनिटं. कमी वाटतं? एक दिवस प्रामाणिकपणे मोजून बघा. तोवर बाजारातली बरीच दुकानं शटर ओढून आडवी झालेली असतात, घरात शीत-कडीचा (भात-कालवणाचा) वास सुटलेला असतो, आणि त्यानंतरची सुट्टी कुठल्याही टायमरला जुमानत नाही.