तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी चालवताना मी माईक का उचलत नाही

गाडीच्या टपावर अँटेना आहे, आत हॅम रेडिओचा (हौशी वायरलेसचा) सेट आहे, सेट चालू असतो आणि तुमची हाक मला ऐकू येते. तरी माझं उत्तर येत नाही. मग संध्याकाळी घरच्या सेटवर भेट झाली की ठरलेला प्रश्न येतो, "ओएम (आम्ही हॅम एकमेकांना असंच म्हणतो), दुपारी सात रस्त्याला तुमची गाडी दिसली, तीनदा कॉल केला. रागावलात की काय?"

रागावलो नाही. सेट बिघडलेला नाही, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती उलटी परत येते ते सांगणारा आकडा) चढलेला नाही, तुमचा सिग्नलही कमी नव्हता. चार वर्षं मी "हात मोकळा नव्हता" असं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं दरवेळी गिळायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहितो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी वायरिंगचं उरकतो, कारण निम्मे लोक त्यासाठीच फोन करतात. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या विषयावर बोलायला आवडतं, कारण त्यात माझं काही चुकलेलं नाही. सेट पन्नास वॅटचा आहे. पूर्ण पॉवरवर माईक दाबला की दहा-बारा अँपिअर ओढतो. आमचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, "टेपच्या वायरीतनं घेतो की ओ, दहा मिनिटांत काम." गाण्यांच्या टेपची वायर कशी असते ते उघडून बघा, मग कळेल मी का नाही म्हणालो ते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधूनही घेऊ नका. थेट बॅटरीवरून जाड वायर आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला. तो फ्यूज सेट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, नसेल, तर वर्षभराच्या धक्क्यांनी वायरीचं कातडं सोलतं, उघडी तार पत्र्याला टेकते आणि फ्यूज लांब असेल तर आग लागते. निगेटिव्हचं मात्र गाडी बघून ठरवा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हला करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं वायर बॅटरीला न लावता बॉडीच्या अर्थला लावतात, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो.

अँटेना टपाच्या मधोमध आहे, दोन मीटरच्या लहरींसाठीची पाव-वेव्ह, म्हणजे लहरीच्या पावपट, एकोणपन्नास सेंटिमीटरची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती डिकीच्या कडेला लावायची असते, तिथं ती दिसते छान. पण टपाचा पत्रा हा त्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे, हे विसरलं की मग एसडब्ल्यूआर दीडच्या खाली येत नाही म्हणून रडत बसायचं. मोजताना गाडी मोकळ्यावर उभी करा, दारं लावा. पत्र्याच्या शेडखाली मोजून मला आकडे कळवू नका. पेट्रोल आणि सीएनजी पंपावर सेट बंद ठेवा. माणसं गाडीला टेकून उभी असताना पन्नास वॅट सोडू नका, गावात पाच वॅट पुरतात. आणि सेट दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं चिकटवू नका, मे महिन्यातल्या सोलापुरात बंद गाडीत ती टेप लोण्यासारखी सुटते. ब्रॅकेट स्क्रूनंच बसवा, आणि एअरबॅग उघडेल त्या वाटेत काहीही नको.

हे सगळं मी केलं होतं. त्या जानेवारीतही केलेलं होतं.

हुरड्याचे दिवस होते. हिच्या माहेरच्या शेतात, पंढरपूरजवळ, दिवसभर बसून आम्ही परत निघालो होतो. हिच्या मांडीवर घरच्यांसाठी बांधून दिलेली हुरड्याची पिशवी होती. मोहोळला हायवेला लागलो तेव्हा अंधार पडला होता. लांबोटी मागे टाकली आणि होटगी रोडच्या काकांचा कॉल आला. (काका म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने ओएम, सत्तरीचे. गच्चीवर उंच अँटेना, मोहोळपर्यंत सहज ऐकतात.) आम्ही १४५.५०० मेगाहर्ट्झवर होतो. मध्येच कोणीतरी बोलू लागलं, म्हणून काका म्हणाले, पाचशे पन्नासला या, म्हणजे १४५.५५० वर.

या एका गोष्टीचं गणित मी इतक्या वेळा केलंय की पाठ झालंय. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे सेट डाव्या हाताला. माईक डाव्या हातात आणि गिअरही डाव्याच हातात. डायल फिरवायचा तर माईक ठेवायला हवा, तो मी मांडीवर ठेवला. सेटवर स्टेप, म्हणजे डायलच्या एका टिकला फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, पाच किलोहर्ट्झची लावलेली होती. पंचवीसची असती तर दोन टिकमध्ये पोचलो असतो. पाचची, म्हणून दहा टिक. सेट गिअरच्या पुढं, खाली. आकडे बारीक. मी खाली बघून मोजत होतो. गाडी सत्तरच्या वेगात, म्हणजे सेकंदाला एकोणीस मीटर.

नऊ टिक झाल्या आणि ही ओरडली.

दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. मी ब्रेकवर उभा राहिलो आणि स्टीअरिंग उजवीकडे ओढलं. कोणीही ओढलं असतं. डावीकडे कडेनं मोटारसायकली होत्या, उजवी लेन मोकळी होती. सगळं बरोबर. पण उजवीकडे ओढलं म्हणजे मी वाचलो आणि गाडीचा डावा कोपरा ट्रॉलीत गेला, ही बसली होती तो. वेग बराच उतरला होता, एअरबॅग उघडल्या नाहीत. एक ऊस काच फोडून आरशापाशी येऊन थांबला, सोललेला असावा तसा पांढरा. हिनं डॅशबोर्डला हात लावला होता. उजवं मनगट मोडलं. हुरड्याचे हिरवे दाणे सगळीकडे उडाले होते, हिच्या केसांत, काचेच्या तुकड्यांत, सेटच्या डायलच्या खाचेत. सीटच्या रुळात अडकलेले दोन-चार तर मला जूनमध्ये सापडले, वाळून खडा झालेले.

"कुठं बघत होता तुम्ही?" असं तिनं विचारलं. दुखतंय असं म्हणायच्या आधी हे विचारलं.

मी म्हणालो, "त्याला मागं रिफ्लेक्टरच नाही."

ट्रॅक्टरवाला उतरून पळत आला. मी त्याच्यावर चढलो. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या साहेब, वैनींच्या हाताचं बघा आधी," आणि पाण्याची बाटली पुढं केली. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. फोनला पूर्ण रेंज होती. हिनं डाव्या हातानं भावाला फोन लावला. म्हणजे संकटात रेडिओच कामाला येतो वगैरे जे मी हिला लग्नापासून सांगत आलो, त्याचा त्या रात्री काही उपयोग झाला नाही, हे नोंदवून ठेवतो.

उपयोग झाला नाही, पण रेडिओ चालू होता. मांडीवरचा माईक ब्रेक लागताच सरकून मांडी आणि सीट यांच्या मध्ये गेला होता आणि त्याचं बटण दाबलं गेलं होतं. सेट हवेत होता, म्हणजे गाडीतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं. सेटमध्ये मी टाइम-आउट टायमर तीन मिनिटांचा लावला होता, बटण अडकलं तर आपोआप बंद व्हावं म्हणून. वायरिंगसारखीच ती माझी आणखी एक शहाणी सोय. तर तीन मिनिटं. नऊ टिक म्हणजे ५४५, काका ५५० वर. पाच किलोहर्ट्झचा फरक असला तर एफएममध्ये आवाज फाटतो, पण शब्द कळतात. काकांनी तीन मिनिटं सगळं ऐकलं. हिचं ओरडणं, हिचा प्रश्न, माझं उत्तर, ट्रॅक्टरवाल्याला दिलेल्या शिव्या. आणि माझा सेट बोलत असल्यामुळे त्यांना मला हाक मारून काही उपयोग नव्हता. टायमर संपल्यावर ते मला अर्धा तास बोलवत राहिले असं नंतर दुसऱ्या एकाकडून कळलं. मी सेटकडे पाहिलंही नव्हतं.

रिफ्लेक्टरचं सांगायचं राहिलं. गाडी ओढून न्यायला माणसं आली, त्यांच्या हेडलाईटचा उजेड ट्रॉलीवर पडला आणि मागं काहीतरी चमकलं. सुतळीनं बांधलेली जुनी सीडी. दोन सीड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, वाऱ्यानं गिरक्या घेत होत्या. सीडी म्हणजे रिफ्लेक्टर नव्हे, हे मी आजही म्हणतो. रात्री हायवेवर विनादिव्याची ट्रॉली आणणं हा गुन्हाच आहे, आणि गळिताच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात अशी किती माणसं जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. पण मी समोर बघत असतो तर ती सीडी मला दिसली असती. हे दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं खोडलं जात नाही.

आता तुमचे युक्तिवाद. ते मला तोंडपाठ आहेत, कारण बहुतेक माझेच आहेत.

माईक म्हणजे मोबाईल नव्हे, असं मी म्हणायचो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ वाचा. त्यात फक्त मोबाईल नाही, हातात धरायचं संपर्काचं कुठलंही साधन आहे. माझा माईक हातातच धरायचा होता.

दुसरं म्हणजे, शेजारच्या माणसाशी गप्पा चालतात, मग रेडिओवर का नाही? यावर मी फार दिवस अडलो. शेजारच्या माणसाला रस्ता दिसतो. समोर काही आलं की तो आपोआप गप्प होतो, किंवा ओरडतो. काका होटगी रोडला बसून गप्प होऊ शकत नव्हते.

तिसरं, पोलिसांच्या गाडीत वायरलेस असतोच की. असतो. बहुतेक वेळा शेजारी बसलेला बोलतो.

आणि चौथं, २००४ ची त्सुनामी. हे तर मी शाळांतल्या कार्यक्रमात सांगत फिरायचो. भारती प्रसाद अंदमानात होत्या, फोन बंद पडले आणि त्यांनी हॅम रेडिओवरून निरोप पोचवले. अभिमानानं सांगायचो, अजूनही सांगेन. फक्त त्या पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात स्थिर बसून बोलत होत्या. सत्तरच्या वेगात डायलच्या टिक मोजत नव्हत्या.

इतकं असूनही तुम्ही बोलता त्याला मी चूक म्हणणार नाही. तुमच्यातले काही जण वीस वर्षं गाडीतून बोलतायत, खरचटलेलंही नाही. सेटचं तोंड, म्हणजे आकड्यांची पुढची बाजू, सुटं करून स्टीअरिंगजवळ वर घ्या, नेहमीच्या फ्रिक्वेन्सी मेमरी चॅनलमध्ये भरून ठेवा, म्हणजे डायलला हात लागायला नको, हँड्सफ्री माईक लावा. हे सगळं मीही नंतर केलं. आठ महिने सेट काढून ठेवला होता, मग परत बसवला, या वेळी आणखी शहाणपणानं. आता फ्रिक्वेन्सी बदलायला खाली बघावं लागत नाही. म्हणजे तेव्हाचं कारण उरलेलं नाही. मग तरी का नाही बोलत, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय, आणि इथं माझ्याजवळ तांत्रिक उत्तर नाही. माईककडे हात गेला की डाव्या मांडीखाली काहीतरी टोचतं. जुना मी असता तर म्हणाला असता, भित्रा झालास. असेन.

हिचं मनगट बरं झालं म्हणायचं. सहा आठवडे प्लास्टर होतं. भाकरी थापताना मात्र उजव्या हाताचा तळवा पूर्ण टेकत नाही, म्हणून भाकरी एका बाजूला थोडी जाड राहते. घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही. जाड बाजू मी खातो.

काकांनी त्या तीन मिनिटांबद्दल मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. मीही काढलेला नाही. उभ्या गाडीतून त्यांना कॉल केला की ते आधी विचारतात, "थांबलात ना?" आणि मग माझा सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट देतात.

गेल्या महिन्यात अक्कलकोटहून येत होतो. वळसंगच्या पुढं आलो आणि स्पीकरवर काकांचा आवाज आला. मी नेहमीसारखा ऐकत राहिलो. त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं. ही म्हणाली, "द्या की उत्तर. मी बघते रस्त्याकडं."

चार वर्षांत ती सेटबद्दल पहिल्यांदा काही बोलली होती. मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला लिंबाखाली घेतली, हँडब्रेक ओढला, पार्किंग लाईट लावले, माईक उचलला आणि काकांना कॉल केला. दोनदा केला. तोवर काका सेट सोडून उठले होते बहुतेक.