कपाट मोकळं

हुपरीकडच्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. "दुसरीतलं एक पोरगं मंद वाटतंय, बघून जाता का?" मी गटसाधन केंद्राची, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राची विशेष शिक्षिका, कंत्राटी. 'मंद' म्हणून सांगितलेल्या कितीतरी मुलांना नुसता चष्मा लागत असतो, म्हणून आधी डोळे आणि कान. याचे दोन्ही कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासून झाले होते, ठीक होते.

पोरानं बालभारती उघडली आणि धडा घडाघडा म्हणायला लागला. मी हळूच पान उलटलं. धडा आधीचाच चालू, बोट मात्र नव्या पानावरच्या ओळींवरून शिस्तीत सरकतंय! एवढं पाठ करणारं पोर मंद कसं?

पुस्तक मिटलं आणि तोंडी घेतलं. "कपाट. यातलं 'क' काढलं तर काय राहील?"

विचार करून म्हणाला, "कपाट मोकळं."

मग तीन खडे मांडले, एकेका अक्षराला एक. खडे मोजायला चुकत नव्हता, पण कुठला खडा कुठल्या आवाजाचा, ते सारखं निसटत होतं. वहीत घ-ध, भ-म यांची अदलाबदल होती. ती या वयात पुष्कळांची होते, त्यावरून शिक्का मारणाऱ्यांचा मला राग येतो. पण पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, तिथं तो पार अडकायचा. शब्दातले आवाज सुटे करणं सरावानंही जमत नव्हतं. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी ठीक असून वाचण्या-लिहिण्यातच अडचण असल्याचा संशय मला तिथं आला.

मुख्याध्यापक म्हणाले, "दाखला आणा, मग बघू." अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि पोर सात वर्षांचं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 16 मध्ये अशी मुलं लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते उपाय करा असं म्हटलंय. ते मोबाईलवर दाखवलं. "बघतो," म्हणाले. वर्गाच्या बाईंकडे दोन वर्ग, तरी त्यांनी एवढंच विचारलं, "उद्यापासनं काय करू, सांगा." मी सांगितलं: खडे, तोंडी उत्तरं चालवून घ्यायची, सगळ्यांसमोर वाचायला उभं करायचं नाही.

आई घरी पैंजणांना घुंगरं जोडते. काम टाकून आली होती. "बाई, पाहिजे तेवढं शिकवा. पण दिव्यांगांच्या यादीत नाव घालू नका. भावकीत कळलं तर पोरगं जन्मभर खुळं म्हणून ऱ्हाईल." आजीनं दिलासा दिला, "ह्याचा बा पण असाच हुता. आता चांदीचा हिशेब तोंडी करतोय." मी वहीत लिहून घेतलं: वडिलांनाही वाचनाची अडचण.

नाव घातलं नाही, तर वरच्या कार्यालयाच्या लेखी हे पोर नाहीच. मग माझी भेट कुठल्या रकान्यात लिहायची? पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक, सगळं दाखल्यावर. पण आईला दहावी दिसत नाही, भावकी दिसते, आणि भावकीबद्दल ती खोटं बोलत नाहीये. सध्या भेट 'शिक्षक मार्गदर्शन' म्हणून लावलीय. जूनमध्ये तो तिसरीत जाईल, तोवर आठ पूर्ण होतील. तेव्हा आईच्या आधी बापाला गाठायचं ठरवलंय.