पाणी न ओतता : आमची वाटचाल

आमच्या वडिलांचं जळगावात ठिबकचं दुकान होतं. यावल, रावेर, चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी दुकानात येऊन बसायचे आणि बोलणं एकच असायचं, ड्रिपर चोक झाले. कुठे क्षार, कुठे शेवाळ, कुठे लोखंडाचा तांबडा गाळ. वडील त्यांना सँड फिल्टर कसा धुवायचा, ॲसिड कधी सोडायचं, क्लोरीन किती द्यायचं हे समजावून सांगत. दहावीत असताना मी बॅकवॉशचा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्याचा, व्हॉल्व्ह फिरवायला शिकलो. पुढे हेच ज्ञान घेऊन मी बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या स्विमिंग पूलमध्ये उतरेन, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर घरात कुणालाच पटलं नसतं. खानदेशात तेव्हा पोहायचं म्हणजे विहीर, नाहीतर शेततळं.

२०१२ साली अमळनेरकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, अण्णांनी, शेतात बंगला बांधला आणि पुढे पूल काढला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे ४० हजार लिटर. अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमले सँड फिल्टर समजस ना? मंग हाई बी पाही ल्या." मी हो म्हटलं. तिथून आमचं काम सुरू झालं.

सुरुवात मात्र वाईट झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या लेकी, जावई, नातवंडं येणार होती. दोन दिवस आधी नव्या बोअरने पूल भरला. पाणी असं निवळ, की तळाच्या फरशीची रेघ न् रेघ दिसत होती. संध्याकाळी मी चांगलं सढळ हाताने क्लोरीन टाकलं आणि घरी आलो. सकाळी सहाला फोन. "भाऊ, पानी ते चहाना मायक व्हई गयं!" धावत गेलो. खरंच कोरा चहा. मला वाटलं क्लोरीन कमी पडलं, म्हणून अजून टाकलं. दुपारपर्यंत आणखी गडद झालं. शेवटी घाबरून मी सगळं पाणी शेतात सोडलं आणि त्याच बोअरने पुन्हा भरलं. पुन्हा तेच झालं. लेकरं काठावर पाय सोडून बसली होती आणि अण्णा एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला आजही आठवतं.

त्याहून जास्त लागलं ते परतताना. रस्त्यात एका वस्तीवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. दहा हजार लिटरचा टँकर. मी त्या दिवशी तसे चार टँकर पाणी जमिनीत जिरवून आलो होतो, तेही स्वतःच्या अज्ञानापायी. त्या रात्री ठरवलं, हे काम करायचं तर पाणी ओतून द्यायचं नाही.

पाण्याचं कोडं सोडवलं ते आमच्याकडे पाइप घ्यायला येणाऱ्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी. जमिनीच्या पोटात हवा नसते, तिथे लोखंड विरघळलेलं राहतं आणि विरघळलेलं असताना त्याला रंग नसतो. म्हणून बोअरचं पाणी आरशासारखं दिसतं. हवा लागली, क्लोरीन पडलं, की त्याचा गंज होतो आणि तोच पाण्यात तरंगतो. मॅंगनीज असेल तर काळपट तपकिरी. म्हणजे मी जितकं क्लोरीन टाकत होतो तितका गंज मीच तयार करत होतो. आणि गाळ अगदी बारीक असला, की पाण्याच्या निळाईत मिसळून तो हिरवटही दिसतो. इथेच भलेभले फसतात, कारण हिरवं दिसलं की सगळे शेवाळच समजतात.

तेव्हापासून आमची एक पद्धत आहे, ती कुणीही घरी करून बघावी. पांढरी बादली घ्या, ज्या पाण्याने पूल भरायचा आहे ते त्यात भरा, चमचाभर लिक्विड क्लोरीन टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी तसंच राहिलं तर लोखंडाची फारशी काळजी नाही. चहासारखं झालं तर लोखंड, काळं पडलं तर मॅंगनीज. आकडा हवा असेल तर बाटली लॅबला द्या, पण निम्मं उत्तर बादलीच देते. नवीन गिऱ्हाइकाकडे आम्ही आधी बादली मागतो, भाव नंतर सांगतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

दुसरा धडा मोरचुदाने दिला. आपल्याकडे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, प्रत्येक शेतात असतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारणीसाठी कसं करायचं हे पोरंसोरंही सांगतात. एका बंगल्यावर आधीच्या कंत्राटदाराने शेवाळ मरावं म्हणून दर आठवड्याला पूलमध्ये मूठ-मूठ मोरचूद टाकायला माळ्याला सांगून ठेवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवट-निळं होतं, पण गढूळ नव्हतं. तळ स्वच्छ दिसत होता. भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागत नव्हतं. घरातले आबा रोज सकाळी पोहायचे, त्यांच्या पांढऱ्या केसांवर हिरवी झाक आली होती. घरचे क्लोरीनला दोष देत होते. क्लोरीनने केस हिरवे होत नाहीत, तांब्याने होतात.

हिशेब सोपा आहे. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. एक किलो मोरचूद म्हणजे पाव किलो तांबं. ४० हजार लिटरमध्ये ते लिटरला सहा मिलिग्रॅमच्या पुढे जातं. पूलमध्ये ०.३च्या वर गेलं की डागांची भीती सुरू होते. इतकं तांबं पाण्यात टिकत नाही, उरलेलं फरशीवर, शिडीवर, सांध्यांत जाऊन बसतं. तेव्हापासून आम्ही मोरचूद पूलच्या जवळही येऊ देत नाही.

तर हिरवं पाणी म्हटलं की आम्ही आधी बघतो कोणतं हिरवं. तळ दिसत नाही, भिंत बुळबुळीत, कपात घेतलं तर गढूळ, क्लोरीन टाकलं की तासाभरात संपतं : हे शेवाळ. तळ दिसतो, क्लोरीन टिकून आहे, तरी रंग आहे : हा धातू. उपाय एकमेकांच्या उलट आहेत. शेवाळाला क्लोरीन चढवावं लागतं. धातूवर तेच क्लोरीन आंधळेपणाने टाकलं तर डाग पक्के होतात.

शेवाळाचं काम कष्टाचं, पण सरळ आहे. आधी पीएच ७.२ला आणायचा. मग लिक्विड क्लोरीन आणि ब्रश. शिडीच्या मागे, लाइटच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यात ब्रश गेलाच पाहिजे, कारण शेवाळ तिथून परत येतं. एकदाच भरपूर टाकून घरी जायचं नाही. पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून असतं ते सायन्युरिक ॲसिड) ४० पीपीएम, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम, असेल तर क्लोरीन १६ पीपीएमच्या आसपास धरून ठेवावं लागतं, दिवसातून तीन-चार वेळा मोजून आणि कमी पडेल तेवढं घालून. पाणी आधी हिरव्याचं राखाडी होतं, मग दुधाळ, मग निवळ. राखाडी झालं की शेवाळ मेलं, पुढचं काम फिल्टरचं. प्रेशर स्वच्छ फिल्टरपेक्षा आठ-दहा पीएसआय चढलं की बॅकवॉश. आणि काम झालं हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. रात्री मोजायचं, उजाडायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्रभरात क्लोरीन एकपेक्षा जास्त उतरलं असेल तर शेवाळ अजून आहे.

यात आमची खरी अडचण लाइटची. पंप अशा वेळी चोवीस तास चालायला हवा. फार्महाऊस शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, असलं की लाइट ठरावीक तासच, कधी दिवसा, कधी रात्री. धुळ्याजवळच्या एका पूलवर माझी दोन पोरं चार रात्री शेतात झोपली. लाइट आली की उठायचं, पंप चालू करायचा, ब्रश मारायचा. त्यातला एक धरणगावचा, आज आमचं निम्मं काम तो एकटा सांभाळतो.

धातू काढायला जास्त संयम लागतो. बाजारात सीक्वेस्ट्रंट मिळतं. ते धातूला पाण्यात धरून ठेवतं, डाग पडू देत नाही, पण बाहेर काढत नाही आणि हळूहळू निकामी होतं, परत परत द्यावं लागतं. आम्ही गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगतो. लोखंड खरोखर बाहेर काढायचं असेल तर त्याचा आधी मुद्दाम गंज होऊ द्यायचा, मग तुरटी. ४० हजार लिटरला किलोभर तुरटी विरघळवून द्यायची, फिल्टर टाळून पाणी थोडं फिरवायचं, मग पंप बंद करून रात्रभर कुणीही पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी तळाला तांबूस साय बसलेली असते. व्हॅक्यूम अगदी सावकाश, फिल्टरमधून नाही तर थेट बाहेर. घाई केली की साय उठली आणि रात्र वाया गेली. यात दोन-तीन हजार लिटर पाणी जातं, पण उरलेलं वाचतं. तांबं जास्त हट्टी, त्याला अशा फेऱ्या जास्त लागतात.

फरशीवरचे डाग ओळखायला व्हिटॅमिन सीची गोळी पुरते. डागावर घासा, फिकट झाला तर लोखंड. मग ४० हजार लिटरला अर्धा किलोच्या आतबाहेर ॲस्कॉर्बिक ॲसिड, तेही क्लोरीन शून्यावर आल्यावरच, नाहीतर दोघं एकमेकांना खातात. डाग सुटून लोखंड पाण्यात येतं, लगेच सीक्वेस्ट्रंट द्यावं लागतं आणि पुढे क्लोरीन थोडं थोडं. अण्णांच्या पूलचे पिवळे डाग आम्ही असेच काढले, बिल न लावता. ते माझंच देणं होतं.

एका ठिकाणी मात्र पाणी न ओतण्याचं आमचं व्रत मोडतं. लोक सोयीसाठी वर्षानुवर्षं टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर असलेलं क्लोरीन) गोळ्याच वापरतात. त्या गोळ्यांतून दर दहा पीपीएम क्लोरीनमागे सहा पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात येतो आणि तो उडून जात नाही. तो साचत जातो तसा क्लोरीनचा जोर कमी होतो आणि एक दिवस असा येतो, की क्लोरीन मोजलं तर भरपूर, तरी पाणी हिरवं. तिथे काही पाणी बदलावंच लागतं. आम्ही ते काम पावसाळ्यावर ढकलतो आणि निघणारं पाणी क्लोरीन उतरल्यावर झाडांना देतो. आणखी एक गोष्ट आमच्या गोदामाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिली आहे : टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका खोलीत, एका डब्यात, एका मापाने कधीच नाही. दोन्ही क्लोरीनच आहेत म्हणून कुणी एकत्र करायला गेलं तर भडका होतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतो, पगाराचं नंतर बोलतो.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमची वर्षाची कमाई जेव्हा होते तेच महिने घरात गेले. गिऱ्हाइकांचे पूल एकेक करून हिरवे पडू लागले. साचलेल्या पाण्यात डास होतील ही भीती वेगळी. मग आमच्या सौभाग्यवतीने वही काढली. ती तोपर्यंत फक्त हिशेब बघायची. तिने प्रत्येक घराचं एक पान केलं आणि रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायला लागली. पांढऱ्या कपात पाणी दाखवा, टेस्ट किटची नळी उजेडात धरा, आता इतके मिलिलिटर टाका. घरातल्या माणसांनी स्वतः ब्रश मारले. फुकट केलं, पण त्यातलं एकही घर आम्हाला सोडून गेलं नाही. त्या वहीची आज सातवी वही चालू आहे.

वहीतूनच एक गोष्ट उघडी पडली. पूल एकदा स्वच्छ केला तरी दोन उन्हाळ्यांत लोखंड परत का येतं? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो. आम्ही पट्टी लावून मोजलं, दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडत होतं. आठ बाय चारच्या पूलमध्ये ते रोजचं ३२० लिटर, महिन्याला जवळजवळ दहा हजार. पाणी उडतं, धातू उडत नाही. वरून पुन्हा बोअरचं पाणी घालायचं म्हणजे दर महिन्याला नवं लोखंड. बोअरमध्ये लिटरला अर्धा मिलिग्रॅम असेल तर महिन्याला पाच ग्रॅम. ऐकायला किरकोळ, पण दोन-तीन महिन्यांत तेवढं डाग पाडायला पुरतं.

यावरचा उपाय पुन्हा शेतातूनच सापडला. केळीच्या रोपांवर धरतात तीच शेडनेट आम्ही पूलवर ताणायला लागलो. ऊन अडतं, वारा अडतो, क्लोरीनही कमी लागतं. आणि जिथे जमेल तिथे बंगल्याच्या गच्चीचा पाइप पूलकडे वळवतो. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडायचे, गच्ची धुऊन निघाली की पुढचं पाणी आत. त्यात ना लोखंड, ना क्षार. यावर काही व्यावसायिक मित्र चिडले, गिऱ्हाइकाला औषध कमी लागेल असं कोण करतं म्हणून. विक्री खरंच कमी झाली. पण आज आमच्याकडे खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत वार्षिक देखभालीचे ३८ पूल आहेत, आणि शहाद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत बहुतेक माणसं कुणीतरी सांगितलं म्हणून आलेली.

गेल्या आखाजीला अण्णांकडे गेलो होतो. नातवंडं आता कॉलेजात आहेत, पूलमध्ये पणतू होता. वहीत त्या पूलचं पान काढलं : पूर्ण पाणी बदलल्याची शेवटची तारीख २०१६. अण्णांनी काठावर उभं राहून तळाकडे बघितलं, मग मला पुरणपोळी वाढायला सांगितली.