चाळकेवाडीच्या वाटेवर दोन हिमालयन

रॉयल एनफिल्डच्या नव्या हिमालयन मोटरसायकलवरून माझ्या गॅरेजात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, कंपनीनं शेवटी खरी गाडी बनवली. दुसरी म्हणते, होती ती गाडी घालवली. दोन्हीकडची माणसं माझी जुनी गिऱ्हाइकं. दोघांच्याही गाड्यांची नटबोल्टं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यामुळं एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प बसवणं मला जमत नाही. पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या घाटात आणि चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जे बघितलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

त्या रविवारचं मूळ म्हणजे पाटण तालुक्यातले एक गुरुजी. जिल्हा परिषदेची शाळा, डोंगरावरच्या वस्तीत. डांबर संपलं की मुरमाचा चढ, पावसाळ्यात त्याचाच राडा. जुनी हिमालयन, म्हणजे ४११, त्यांनी याच वाटेवर वापरली, मग ती काढून नवी, म्हणजे ४५०, घेतली. नवी घेऊन गॅरेजात आले तेव्हा टायरवरचे रबराचे केसही धड झिजले नव्हते.

"मिस्त्री, हिला गिऱ्हाईक बघा. आन् मला जुनी मिळवून द्या."

"का हो गुरुजी? एवढी हौसेनं घेतली."

"चढाला माझ्या हातात बंद पडतीय. पाय टेकत न्हाईत. पडलो बी. घरात सांगितलं न्हाय अजून."

योगायोग असा, की कोरेगावकडच्या एक पशुवैद्य मॅडम नेमक्या उलट्या शोधात होत्या. त्यांची २०१८ ची जुनी हिमालयन, एकहाती, लडाख करून आलेली. त्यांना आता हायवेला दम असलेली गाडी पाहिजे होती. मी दोघांना म्हटलं, अदलाबदलीचं नंतर बोलू. आधी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघू, मी येतो सोबत. गॅरेजात कोपऱ्यात उभी केलेली गाडी कुणालाही चांगलीच वाटते. एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण आमच्यात मिसळला. त्याच्याकडंही नवीच, आणि नवीचं वेड असं की जुनीचं कौतुक ऐकलं की त्याचा चेहरा उतरतो.

इथं थोडं गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुनी हिमालयन २०१६ ला आली. ४११ सीसी, हवा आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन, साधारण २४ अश्वशक्ती, ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर), पाच गिअर. नवी नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात, मोटोव्हर्स या कंपनीच्या मेळाव्यात, बाजारात उतरली. ४५२ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन, ४० अश्वशक्ती, ४० न्यूटन-मीटर, सहा गिअर. वजन १९६ किलो, म्हणजे जुनीच्याच घरातलं. टाकी १५ वरून १७ लिटरची झाली. नुसते आकडे बघितले तर भांडायला जागाच नाही. पण खरी गोम आकड्यांच्या पोटात आहे. जुनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ८६. नवीचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५. जुनीत पिस्टन लांब पल्ला मारतो, त्यामुळं ती जात्यासारखी, कमी फेऱ्यांत जड ओढते. तिचा सगळा टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) आसपास हाती लागतो आणि त्याच्या बरंच खालीही ती तक्रार न करता चालते. नवीचा टॉर्क ५,५०० ला आणि ताकद ८,००० ला. तिचा जीव ३,००० च्या वर आहे. त्याच्या खाली वरच्या गिअरमध्ये ठेवली की ती धक्के द्यायला लागते. ताकद वाढली हे खरं. ती वरच्या मजल्यावर गेली हेही तितकंच खरं.

सकाळी समर्थ मंदिरावरून बोगद्यातून निघालो. गुरुजी पुढं त्यांच्या नवीवर, मी मागं माझ्या साध्या गाडीवर, माझ्यामागं मॅडम आणि तो तरुण. सज्जनगडाचा फाटा मागं पडला, उरमोडीचं पाणी दिसायला लागलं आणि घाट सुरू झाला. मला गुरुजींचे हातपाय बघायचे होते.

नव्या हिमालयनला मागचा लाल दिवा वेगळा नाही, तो इंडिकेटरमध्येच बसवलाय. त्यामुळं मागून बघताना दोन बारीक लाल ठिपके दिसतात. एका वळणाआधी ते ठिपके पेटले, गाडी मंद झाली, पण गुरुजींचा डावा पाय हलला नाही. गाडी तिसऱ्यातच. वळणात त्यांनी रेस सोडलेली, बाहेर पडताना हळूच दिली. चेन स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांडीवर, फटफट आपटली, गाडीनं आचके दिले आणि बंद. गुरुजींनी उजवा पाय टाकला तो उताराच्या बाजूला. टाच काही जमिनीला लागेना, चवडाच टेकला आणि गाडी कलली. मी गाडी टाकून पळत गेलो आणि मागची कॅरिअरची नळी धरली म्हणून आडवी झाली नाही.

आता हे जुनीवर झालं नसतं. तीच वाट, तोच तिसरा गिअर, तीच हलकी रेस, आणि जुनी डुगडुगत वर गेली असती. गुरुजींच्या पायाला वर्षानुवर्षांची ती सवय. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडीनं जे शिकवलं ते ते शिकले.

तो तरुण मात्र थांबल्या थांबल्या म्हणाला, "दादा, गाडीत काय नाय. गुरुजींना रेस द्यायला शिकावं लागंल."

त्याला उत्तर न देता मी म्हटलं, वर चला, आधी पाय टेकायचं बघू.

चाळकेवाडीत पवनचक्क्यांखाली गाड्या लावल्या. त्या तरुणाला मोकळ्या सड्यावर गाडी घालायची फार खुमखुमी आली होती, त्याला आधी अडवलं. जांभ्यावर इथं बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्यात त्याच थरातून फुलं येतात. कासचं पठार २०१२ ला जागतिक वारशात गेलं म्हणून सगळे तिथं जपून वागतात, पण इकडचे सडे त्याच जातीचे आहेत. टायरचा एक चर पडला की बुजायला वर्षं जातात. पवनचक्क्यांकडं जायला मुरमाचा कच्चा रस्ता आहे, तेवढ्यावरच आमचं काम भागणार होतं.

गुरुजींची सीट काढली आणि निम्मं उत्तर तिथंच मिळालं. या गाडीची सीट दोन उंचींवर बसते, ८२५ आणि ८४५ मिलिमीटर. गुरुजींची वरच्या खाचेत होती. पुतण्या उंच आहे, त्यानं एकदा गाडी नेली होती आणि सीट वर करून ठेवली. गुरुजींना पत्ताच नाही. जुनीची सीट ८०० ची. म्हणजे बिचारे जुनीपेक्षा पावणेदोन इंच उंच बसून घाट चढत होते.

मग मागचा शॉकअप बघितला. मागच्या ॲक्सलपासून वर पॅनेलवर चिकटपट्टीची खूण केली. गाडी मोकळी धरून टेपनं एक माप घेतलं, गुरुजींना बसवून दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते. एकूण चाल २०० मिलिमीटर, त्यातला तिसरा हिस्सा दबायला पाहिजे. गुरुजी अंगानं सडपातळ, त्यांच्या वजनानं गाडी त्याच्या निम्मीही दबेना. प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगवरचा आधीचा ताण, चढवलेला होता. पान्यानं तो उतरवला, सीट खालच्या खाचेत बसवली. गुरुजींनी परत बसून बघितलं. दोन्ही चवडे पक्के टेकले, एका बाजूला कललं तर टाचही लागायला लागली.

"आयला, हे आधी कुणी सांगितलं न्हाय," गुरुजी म्हणाले.

नवी गाडी देताना माणसाला बसवून एवढं माप घ्यायला दहा मिनिटं लागतात. कुठल्याही गाडीचं असो, ती दहा मिनिटं कुणी देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. लाखो रुपये घालून माणूस गाडी घेतो आणि दुसऱ्याच्या मापाच्या गाडीवर बसून स्वतःला दोष देत राहतो.

दरम्यान मॅडम त्या तरुणाची गाडी घेऊन कच्च्या रस्त्यावर गेल्या होत्या. त्या उंच आहेत, पायपेगवर उभ्या राहून चालवायची सवय आहे. परत आल्या त्या हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागल्या. "दादा, पुढचा शॉकअप काय आहे हो! माझीला जिथं हँडल हातातून जातं, तिथं ही नुसती पोहत जाते." ते खरंच आहे. जुनीला ४१ मिलिमीटरचे साधे फोर्क, नवीला ४३ चे उलटे शोवाचे. खडबडीत रस्त्यावर वेगात गेलं की फरक हाताला कळतो. वर सहावा गिअर. मॅडमना साताऱ्याहून कोल्हापूरपर्यंत हायवेनं वरचेवर जावं लागतं. तिथं जुनी शंभरच्या पुढं कुथते आणि तळहाताला मुंग्या आणते. त्यांची तक्रार वर्षानुवर्षांची, आणि नवीकडं तिचं उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना रुचली नाही. जुनीच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना तो लोखंडी सांगाडा असतो, त्याला त्या औषधांची पेटी बांधायच्या. नवीला तो तसा येत नाही. आणि जुन्या गाडीचं काटेवालं मीटर, शेजारचं होकायंत्र, सगळं जाऊन एक गोल स्क्रीन आली, त्यात गूगलचा नकाशा दिसतो. "छान आहे," म्हणाल्या, "पण मला काटाच बरा वाटायचा." काट्याच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे.

आता गुरुजी. त्यांना मी सांगितलं, चढाला पहिला टाका, स्क्रीनवर ३,००० च्या खाली येऊ देऊ नका, इंजिन ओरडलं तरी घाबरू नका, ते ओरडायलाच बनवलंय. त्यांनी केलं. चढाच्या मुरमावर गाडी सरळ वर गेली, मध्ये एक मोठा दगड आला तोही ओलांडला. वळून खाली आले, परत वर गेले. तो तरुण टाळ्या वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, सुटला प्रश्न, गाडी राहते गुरुजींकडं.

गुरुजींनी गाडी स्टँडला लावली, हातमोजे काढले.

"मिस्त्री, गाडी चांगली हाय. आता कळली मला. पण शाळंच्या वाटंवर सकाळी पोरं असत्यात म्होरं. वाट एकच, बैलगाडीएवढी. मला त्यांच्या मागनं त्यांच्या चालीनं जायचं असतंय. दमलेलं एखादं बारकं असलं तर मागं घ्यायचं असतंय. जुनी गपगुमान मागनं येती, पोरं बोलत बोलत चालत्यात. हिला रेस दिली की पोरं दचकून कडंला पळत्यात. आन् कडंला दरी हाय."

तरुणानं विचारलं, "हाफ क्लचवर नाय चालवता येत, गुरुजी?"

"येतंय की. रोज येवढा चढ?"

हाफ क्लचवर रोज एवढा चढ काढला तर प्लेटा जळणार, हे त्या तरुणालाही माहीत होतं. इको मोडनं, म्हणजे पेट्रोल वाचवायच्या सेटिंगनं, रेसची धार जरा बोथट होते, तेही करून बघितलं. पण मोड बदलला म्हणून इंजिनचा स्ट्रोक लांब होत नाही. त्या वाटेला, त्या वेगाला जुनीच बरोबर होती, आणि तसं मी सर्वांसमोर सांगितलं. यंत्र म्हणून नवी उजवी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जो माणूस गाडीच्या तळच्या १,५०० ते २,५०० आरपीएममध्येच जगतो, त्याच्याकडून नव्या गाडीनं काहीतरी काढून घेतलंय. त्याला "तुम्हाला चालवता येत नाही" म्हणणं मला पटत नाही.

मग जुनीची तपासणी तिथंच सुरू केली. मॅडमची गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं. मधोमध आलं की बारीक खाच लागत होती, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलायला आलेला. लडाख केलेल्या गाडीत त्याचं नवल नाही. स्पोकांवर पान्याची दांडी वाजवत गेलो, मागच्या चाकाचे दोन ढिले निघाले. चेन किट निम्मं संपलेलं. इंजिन थंड असतानाचा आवाज सकाळीच ऐकला होता, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) टकटकाट तेवढा, तो तर या गाडीचा स्वभाव. कोनसेट आणि स्पोकांचा खर्च मॅडमनी आपणहून अंगावर घेतला.

ठोसेघरला पिठलं-भाकरी खाताना किमतीतला फरक ठरला. अदलाबदल त्या दिवशी होणं शक्यच नव्हतं, गुरुजींच्या गाडीवर बँकेचा बोजा. आधी कर्ज फेडून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग आरटीओत दोन्ही गाड्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. ते सगळं व्हायला वेळ लागला, पण झालं. कोनसेट मी बसवला. मॅडमसाठी नवीची सीट परत वरच्या खाचेत गेली, प्रीलोड चढला, आणि पेटीसाठी मागं जाड पत्र्याचा कॅरिअर वेल्डिंग करून दिला.

गुरुजींना एकच काळजी होती, नवी आल्यावर जुनी बंद झाली, पुढं सामान मिळेल का. रस्त्यावर या गाड्या भरपूर आहेत, त्यामुळं इतक्यात अडायचं नाही. तरी क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर आणि पुढची २१ इंची ट्यूब सीटखाली आणि पिशवीत कायम ठेवा म्हटलं. २१ ची ट्यूब गावात पंक्चरवाल्याकडं मिळत नाही, आणि अडचणीला तीच मागच्या १७ इंची चाकातही दुमडून घालता येते, हळू चालवत घरी पोचण्यापुरती.