पत्राला संदर्भ नाही म्हणून अडलेला प्रकल्प

बीएस्सी पर्यावरणशास्त्राचा प्रवेश, पहिली दोन वर्षं, प्रॅक्टिकल, जर्नलवरच्या सह्या यातलं काहीच फार जड गेलं नाही. रसायनशास्त्र कच्चं असेल तर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं टायट्रेशन थोडं रडवतं, पण हात बसतो. जड गेलं ते एक अर्ध्या पानाचं पत्र. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कॉलेजनं ते बाहेर पाठवायचं होतं. मी त्यावर अजून चिडलेली आहे, त्यामुळे बहुतेक सगळं त्याच्यावरच लिहिणार.

सड्यांचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळपठारांचं, वेड लागलं ते वर्गात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवरचा २०१८ सालचा अभ्यास मॅडमनी समजावला होता. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी कमी, म्हणून गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे जास्त. ते निर्धास्तही, माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत. नरांच्या गळ्याचे रंग मात्र फिके. तो सडा माझ्या एस्टीच्या खिडकीतून दिसायचा आणि मला त्यात फक्त पाती दिसायची!

मी विषय घेतला कास पठाराचा. जमिनीवर आखलेल्या ठरावीक चौकटींत पावसाळाभर काय उगवतं, कधी फुलतं, कधी संपतं याच्या नोंदी. जांभ्याच्या कातळावर माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. त्यामुळे सड्याचं सगळं वर्ष चार महिन्यांत उरकतं. पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी येते, पुढे तेरडा, गेंद, सीतेची आसवं, शेवटाकडे सोनकीचा पिवळा गालिचा. मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात. यातला एक आठवडा चुकला तर तो पुढच्या वर्षीच.

कास हे राखीव वन आहे, शिवाय २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत. त्यामुळे अभ्यासाला वन खात्याची परवानगी लागणार आणि त्यासाठी कॉलेजचं पत्र लागणार, हे मला मान्यच होतं. जूनमध्ये मसुदा तयार करून मी ऑफिसात दिला. (कॉलेजचं नाव लिहीत नाही.)

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "विषय लिहिलाय. संदर्भ कुठाय?"

"भाऊसाहेब, हे पहिलंच पत्र आहे. आधीचा पत्रव्यवहार नाही."

"संदर्भाशिवाय पत्र जात नसतं."

थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. त्यांनी मसुदा परत सरकवला. मग कुणी म्हणालं विद्यापीठाच्या परिपत्रकाचा संदर्भ टाक, कुणी म्हणालं अभ्यासक्रमाची प्रत जोड. परिपत्रक टाकलं तर त्याची छायांकित प्रत हवी, प्रत आणली तर ती साक्षांकित हवी. मधेच नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली आणि आमच्या ऑफिसातला एकूण एक माणूस रंगीत फायलींत बुडाला. प्राचार्यांच्या सहीसाठी पत्र आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा 'सहपत्रे: ३' असं लिहूनही सोबत दोनच होती. नकाशा कुठल्या तरी दुसऱ्या फायलीला चिकटून गेला होता. शिपाईमामांनी तो शोधून दिला. मामांशी नीट बोलत जा, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

बाहेर पाऊस कोसळत होता. कासचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला यायला लागले. तिकीट काढून कुणीही जाऊन फोटो काढू शकत होतं, मला मात्र चौकट टाकायला आधी पत्रावर जावक क्रमांक, म्हणजे ते बाहेर गेल्याची नोंद, हवी होती. रविवारी फुलांत बसून सेल्फी काढणाऱ्यांचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

शेवटी गाईड मॅडमनी तोडगा काढला. मी कॉलेजला केलेला अर्ज आवक करून, म्हणजे आलेल्या पत्रांच्या वहीत नोंदवून घ्यायचा आणि त्याचाच क्रमांक संदर्भ म्हणून टाकायचा. म्हणजे माझ्या पत्राला आधार माझाच अर्ज! भाऊसाहेब प्रसन्न झाले, "आता कसं." पुढच्या पत्राला हे पहिल्याच दिवशी करा. आवकचा शिक्का मारलेली झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. आणि अर्ज जूनमध्ये नको, मार्चमध्येच द्या.

पत्र पोचल्यावर तिकडून परवानगी चटकन आली. पण तोवर पठार वाळायला लागलं होतं.

प्रकल्प बुडाला नाही तो आमच्या गावामुळे. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावावर एक सडा आहे, गायरानातला. पत्र अडकल्याचं दिसताच मी ग्रामपंचायतीत गेले. सरपंचबाईंनी विचारलं, "फुलं तोडणार हायस का?" नाही म्हटल्यावर त्याच दुपारी लेटरहेडवर लिहून सही दिली. संदर्भ कुणी विचारला नाही. वर ग्रामसेवकांनी कपाटातून लोकजैवविविधता नोंदवही काढून दिली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि तिची अशी नोंदवही असायला हवी. आमच्या नोंदवहीत म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली गावठी नावं होती, कुठली भाजी कधी काढायची हेही होतं. मला त्यावरच एक आख्खं प्रकरण लिहिता आलं. तुमच्या पंचायतीत जाऊन मागा, बऱ्याच मुलांना ती असते हेच माहीत नसतं.

चौकट एक मीटर बाय एक मीटरची, प्लंबिंगच्या पाइपची केली. लोखंडी चौकट चढावर जीव काढते. नोंदी पेन्सिलीनं करा, पेनची शाई पावसात वाहून जाते. फोटोत फुलाबरोबर पान आणि खोड आलंच पाहिजे, शेजारी पट्टी ठेवा. नुसत्या फुलावरून गेंद ओळखायला बसलात तर रात्र जाईल.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिलंच विचारलं, "जवळ कास असताना हा सडा का?" मी आवकच्या शिक्क्याची झेरॉक्स आणि परवानगीचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवरच्या तारखा वाचून ते हसले आणि नोंदवहीच्या प्रकरणाकडे वळले. तिथे पाऊण तास गेला, आणि गुण चांगले पडले. कासची परवानगी अजून माझ्या फायलीत आहे. तिची मुदत संपली. पुढच्या बॅचच्या एका मुलीला मसुदा हवा होता, तिला तो संदर्भासकट पाठवून दिला.