तुम्ही विचारलंत म्हणून: बदललेला खांदा किती वर्षं टिकतो?

"मॅडम, हा खांदा किती वर्षं चालेल?" खांदा बदलल्यावर माझ्याकडे व्यायामाला येणारा प्रत्येक जण आज ना उद्या हे विचारतोच. पेशंटला संकोच वाटला तर सोबतची सून विचारते. प्रश्न खरं तर गुडघ्यांवरून आलेला असतो. गुडघे बदललेलं माणूस प्रत्येक सोसायटीत असतं आणि "पंधरा-वीस वर्षं" हे सगळ्यांना पाठ असतं. खांदा बदललेलं माणूस मात्र सहजासहजी भेटत नाही, मग विचारायचं कुणाला?

तर आधी आकडा. परदेशातल्या मोठ्या नोंदींनुसार १० वर्षांनंतर साधारण दहातले नऊ खांदे पुन्हा ऑपरेशन न होता जागेवर असतात. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ५० हजारांहून अधिक ऑपरेशनांचा अभ्यास आला. ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांपैकी जवळपास चारांतल्या एकाला पुढच्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता दिसली, तर ८५ आणि त्यापुढच्या बायकांमध्ये ३७ जणींत एकीला. धोका सर्वांत जास्त होता तो पहिल्या ५ वर्षांत. त्यामुळे रात्र रात्र दुखण्याने जागणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजी वर्षं मोजत बसतात तेव्हा मी त्यांना सरळ सांगते, हा हिशोब तुमचा नाही. पंचावन्नच्या, अजून वजनं उचलणाऱ्या माणसाचा आहे.

नेहमीच्या सांधेबदलात दंडाच्या हाडाला धातूचा गोळा आणि खांद्याच्या पात्याला प्लास्टिकची वाटी बसवतात. हार मानते ती बहुतेक वेळा वाटीच. गोळ्याला मधोमध धरून ठेवणारे रोटेटर कफचे स्नायू फाटले, की हात उचलताना गोळा वर सरकतो आणि वाटीच्या कडेवर दाब देतो. रोवलेला खुंट हलवून हलवून सैल करावा, तशी ती ढिली होत जाते.

हे रोटेटर कफचे स्नायू आधीच निकामी झालेले असतील तर 'रिव्हर्स' खांदा बसवतात. फ्रान्समधल्या दीजाँ शहरात सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास तो घडवला. यात गोळा पात्यावर आणि वाटी दंडावर असते, आणि हात उचलायचं काम बाहेरचा डेल्टॉइड स्नायू करतो. वर्षानुवर्षं डोक्यावर हात न गेलेली माणसं यानंतर स्वतःचे केस विंचरतात. हे मी पाहते, आणि अजूनही मला त्याचं अप्रूप वाटतं.

पण रिव्हर्सचा हात पाठीमागे पुरेसा जाईलच असं नाही. लांबचा परिणाम म्हणून मला विचाराल तर हा सर्वांत मोठा, आणि ऑपरेशनआधी याबद्दल कुणी धड बोलत नाही. ब्लाउजला मागून हुक असतील तर पंचाईत. पाठ चोळता येत नाही. आणि डावा खांदा असेल तर संडासाला गेल्यावर धुणार कसं? हा प्रश्न पेशंट लाजून विचारत नाही, डॉक्टर घाईत सांगत नाहीत. मी आधीच काढते विषय: जेट स्प्रे बसवून घ्या, पुढून हुकांचे ब्लाउज शिवा, उजव्या हाताची सवय ऑपरेशनआधीच लावा. दोन्ही खांदे रिव्हर्स करायचे असतील तर सर्जनशी हेच मोकळेपणाने बोला. जमिनीवरून उठताना हात मागे टेकून जोर देणंही सुरुवातीचे महिने बंद, कारण त्याच स्थितीत सांधा निखळू शकतो.

फ्रान्समध्येच रिव्हर्स खांद्यांचा दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा झाला. सांधा टिकून असूनही हाताची हालचाल आणि ताकद पुढे हळूहळू कमी झालेली दिसली. म्हणून दुखणं थांबलं तरी व्यायाम सोडू नका.

जंतुसंसर्ग हे बदललेल्या खांद्याचं जुनं दुखणं. पॅरिसमध्ये १८९३ साली सर्जन ज्यूल-एमिल पेआँ यांनी क्षयाने सांधा खराब झालेल्या एका पाववाल्याला प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला होता. सुमारे दोन वर्षांनी संसर्गामुळेच तो काढावा लागला. आज प्रमाण कमी आहे, पण खांद्याच्या त्वचेत मुळातच राहणारा एक जंतू फार सावकाश वाढतो. ताप नाही, पू नाही, नुसतं दुखतं आणि खांदा आखडतो. वर्षानुवर्षं चांगला चाललेला खांदा अचानक दुखू लागला तर तेल चोळून शेकत बसू नका आणि थेट माझ्याकडेही येऊ नका. आधी सर्जन, एक्स-रे, रक्त तपासणी.

काही दुखत नसलं तरी सर्जन सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढत राहा, कारण ढिली होणारी वाटी बराच काळ गप्प असते. आणि डिस्चार्जच्या फाइलमध्ये सांध्याची कंपनी, साइज आणि नंबर लिहिलेले स्टिकर असतात, ते मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुन्हा ऑपरेशनची वेळ आलीच, तर नवा सर्जन पहिल्यांदा तेच मागेल.